कोऱ्या नळीतला पट्टा: एका पर्सनल स्टेटमेंटचे प्रकरण

हे प्रकरण एका विद्यार्थिनीचे आहे. मातीतील सूक्ष्मजीव हा तिचा विषय. एमएस्सी झाल्यावर तिने अमेरिकेतील आठ विद्यापीठांत पीएचडीसाठी अर्ज केले आणि आठही ठिकाणांहून नकार आला. पुढल्या वर्षी तिने पाचच अर्ज केले. दोन ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले आणि एका ठिकाणी प्रवेश मिळाला. दोन्ही वर्षांची पर्सनल स्टेटमेंट्स (म्हणजे अर्जासोबत अर्जदाराने स्वतःविषयी लिहून द्यायची निवेदने), मधले मसुदे आणि आमच्या बैठकांची माझी टिपणे समोर ठेवून हे लिहीत आहे. तिची परवानगी घेतलेली आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत.

दुसऱ्या वर्षीचा निकाल स्टेटमेंट सुधारल्यामुळेच लागला, असा दावा मला करता येणार नाही. मधल्या वर्षात तिने एका प्रकल्पावर सहायक म्हणून काम केले, तीनपैकी एक शिफारसपत्र बदलले आणि पहिल्या यादीतील ज्या विभागांत तिच्या विषयाचे कोणीच नव्हते ते विभाग वगळले. प्रवेश समिती गुणपत्रक, शिफारसपत्रे आणि स्टेटमेंट एकत्रच वाचते. त्यातल्या कोणत्या कागदाने किती काम केले हे अर्जदाराला कधीच कळत नाही. तरीही पहिल्या वर्षीचे स्टेटमेंट का फसले हे कागदावरून बऱ्यापैकी सांगता येते, आणि त्याचे कारण मला अपेक्षित होते त्याहून वेगळे निघाले.

पहिल्या वर्षीचा कागद

पहिले स्टेटमेंट ९३० शब्दांचे होते. भाषा स्वच्छ होती, व्याकरणाची चूक शोधूनही सापडत नव्हती. सुरुवात रुग्णालयाच्या लांबलचक मार्गिकेत होत होती: वडील आजारी आहेत, बाकावर बसलेली मुलगी काचेच्या दारापलीकडे पाहते आहे आणि विज्ञानाच्या मार्गाने माणसांची सेवा करायची असे ठरवते आहे. यावर सुमारे ३०० शब्द खर्च झाले होते. त्यानंतर विज्ञानाची लहानपणापासूनची ओढ, मग शाळकरी मुलांसाठी घेतलेल्या विज्ञान शिबिरांचा एक मोठा परिच्छेद, मग अभ्यासक्रमातील विषयांची यादी, आणि शेवटी त्या त्या विद्यापीठाच्या ‘जगप्रसिद्ध प्राध्यापकां’ची आणि ‘अत्याधुनिक सुविधां’ची स्तुती. प्रत्यक्ष संशोधनाच्या वाट्याला ९४ शब्द आले होते. त्यांतले एक वाक्य मराठीत असे होईल: ‘या काळात मी मातीतून डीएनए काढणे, पीसीआर आणि जेल इलेक्ट्रोफोरेसिस ही तंत्रे आत्मसात केली.’

मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम करू पाहणाऱ्या मुलीच्या कागदात माती सहाव्या परिच्छेदात येते, हे वाचून मी थोडी चक्रावले. हा आराखडा तिने आणला कुठून, असे विचारले, तेव्हा तिने लॅपटॉपवरचे एक फोल्डर उघडून दाखवले. त्यात ‘यशस्वी पर्सनल स्टेटमेंट’ म्हणून जमवलेले २३ नमुने होते. आम्ही ते एकेक उघडून कोणी, कशासाठी लिहिले आहेत ते पाहत गेलो, आणि त्या दुपारी प्रकरणाचा अर्धा उलगडा झाला. त्यांतले नऊ अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या अर्जांतले होते, सहा ब्रिटनमधील पदवी प्रवेशाचे, पाच एका राष्ट्रीय फेलोशिपचे. विज्ञान शाखेतील पीएचडीचे म्हणता येतील असे फक्त तीन होते, आणि तिला तेच सर्वांत रूक्ष वाटले होते.

एक नाव, अनेक प्रश्न

‘पर्सनल स्टेटमेंट’ हे नाव इतक्या वेगवेगळ्या कागदांना लावले जाते की केवळ नावावरून नमुने गोळा करणारा माणूस हमखास फसतो. अमेरिकेतील वैद्यकीय प्रवेशाच्या सामाईक अर्जात हा निबंध ५,३०० अक्षरांत, मोकळ्या जागा धरून, लिहावा लागतो आणि त्याला एकच प्रश्न असतो: तुम्हाला डॉक्टर का व्हायचे आहे? तिथला वाचक प्रेरणा शोधतो, आजारी माणसाशी अर्जदाराचा आलेला संबंध शोधतो. रुग्णालयाची मार्गिका तिथे शोभते. ब्रिटनमधील यूकॅस या सामाईक प्रवेश-संस्थेचा अर्ज पदवीसाठी असतो. त्यात वर्षानुवर्षे ४,००० अक्षरांचा एकच सलग मजकूर लिहावा लागे आणि २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्नांत विभाजन झाले आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडे दाखवण्यासारखे संशोधन बहुधा नसते, त्यामुळे विषयाची ओढ आणि अवांतर वाचन यांनाच तिथे वजन येते. ‘लहानपणापासूनची ओढ’ तिने इथून उचलली होती.

शिबिरांचा परिच्छेद कुठून आला, हे शोधायला थोडा वेळ लागला. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदव्युत्तर संशोधनासाठीची फेलोशिप अर्जदाराकडून दोन कागद मागते: पूर्वपीठिका आणि भावी उद्दिष्टे यांविषयी तीन पानांचे निवेदन आणि दोन पानांचा संशोधन आराखडा. दोन्हींचे मूल्यमापन बौद्धिक गुणवत्ता आणि समाजावरील व्यापक परिणाम या दोन निकषांवर होते. साहजिकच त्या नमुन्यांत शिबिरे, शाळाभेटी, मार्गदर्शन यांना ऐसपैस जागा असते, कारण त्याचे तिथे गुण मिळतात. गंमत अशी की ही फेलोशिप अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांनाच मिळते. या मुलीला त्यासाठी अर्जही करता आला नसता.

पीएचडीचा अर्ज वाचणाऱ्याचे प्रश्न याहून निराळे असतात. समितीत प्राध्यापक असतात, आणि निवडलेल्या विद्यार्थ्याला पुढली पाच-सहा वर्षे कोणाच्या तरी प्रयोगशाळेत, बहुतेक वेळा कोणाच्या तरी निधीवर, काम करायचे असते. तुम्ही कोणत्या प्रश्नावर काम करू इच्छिता, आजवर हाताने काय केले आहे, काम अडले तेव्हा काय केलेत, आणि ते पुढे नेण्यासाठी आमच्याकडे कोण आहे, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. या कागदाला बहुधा ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणतात. काही विद्यापीठे त्याशिवाय ‘पर्सनल स्टेटमेंट’ असा दुसरा कागद मागतात. बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे अर्जदाराची वाटचाल, त्यातले अडथळे, मिळालेल्या किंवा हुकलेल्या संधी यांना जागा असते. आणि काही विभाग असे की कागदाचे नाव ‘पर्सनल स्टेटमेंट’, पण खाली बारीक अक्षरांतल्या सूचना वाचल्या तर मागणी निव्वळ संशोधनाची.

तिच्या आठ विद्यापीठांच्या सूचना आम्ही पुन्हा काढून वाचल्या. पाच ठिकाणी फक्त स्टेटमेंट ऑफ पर्पज हवे होते, दोन ठिकाणी दोन्ही कागद, आणि एका ठिकाणी वर सांगितलेला फसवा प्रकार होता. तिने आठही ठिकाणी एकच फाइल विद्यापीठाचे नाव बदलून पाठवली होती. नाव बदलायला ती कुठे विसरली नव्हती, एवढाच काय तो दिलासा. जिथे दोन कागद हवे होते तिथे तीच फाइल मधोमध तोडून दोन भाग केले होते. त्यामुळे तिथल्या समितीच्या हातात संशोधनाचे ९४ शब्द शिबिरांच्या खाली दबलेले असे एक पान आणि संशोधन अजिबात नसलेले दुसरे पान पडले.

मानसशास्त्र विभागांच्या प्रवेश समितीप्रमुखांना ‘अर्ज कशाने बुडतो’ असे विचारून ड्र्यू अ‍ॅपलबी आणि कॅरन अ‍ॅपलबी यांनी २००६ साली एक लेख प्रसिद्ध केला होता. त्यात हानिकारक पर्सनल स्टेटमेंट हा एक स्वतंत्र वर्गच आहे, आणि अवाजवी आत्मकथन व परोपकाराचा अतिरेक ही त्यातली कारणे आहेत. तो अभ्यास एका विषयापुरता आहे आणि मी त्याला नियम मानत नाही, पण हा लेख तिला वाचायला दिल्यावर तिने स्वतःच आपल्या स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर पेन्सिलने दोन उभ्या रेघा मारल्या.

‘ते लिहिण्यासारखे नाही’

नमुन्यांचा गुंता सुटला, तरी रिकाम्या झालेल्या जागेत भरायचे काय, हा प्रश्न होताच. आपल्याकडे सांगण्यासारखे संशोधन नाही, या समजुतीवर ती ठाम होती. मी ते तंत्रांचे वाक्य पुढे केले आणि विचारले, “हे शिकताना कधी काही बिघडले होते का?”

“बिघडले म्हणजे… ब्लँकमध्ये पट्टा आला होता,” ती म्हणाली. “पण ते लिहिण्यासारखे नाही, मॅडम. त्यामुळे प्रबंधातले दोन थर काढावे लागले.”

जे या कामाशी परिचित नाहीत त्यांच्यासाठी हे थोडे उलगडून सांगते. मातीच्या नमुन्यांतून किट वापरून डीएनए काढताना एक नळी मुद्दाम कोरी (‘ब्लँक’) ठेवतात. तिच्यात माती घालत नाहीत, फक्त किटमधली रसायने, आणि बाकी सगळी प्रक्रिया इतर नळ्यांसारखीच करतात. पीसीआरच्या आवर्तनांत डीएनएच्या असंख्य प्रती होतात आणि त्या जेलवर लांबीनुसार पट्ट्यांच्या रूपात दिसतात. या कोऱ्या नळीच्या रांगेत मात्र काहीही दिसता कामा नये. तिच्या जेलवर त्या रांगेत फिकट पट्टा होता, आणि तो बरोबर त्याच उंचीवर होता जिथे तिच्या सर्वांत खोल थरांतल्या नमुन्यांचे पट्टे होते. जमिनीत खोल जावे तसे सूक्ष्मजीव कमी होतात, त्यांचा डीएनएही कमी मिळतो. म्हणजे खोल मातीतले म्हणून ती जे जंतू मोजत होती, त्यातले काही मातीतले नसून किटच्या बाटलीतले असण्याची शक्यता होती.

तिने प्रयोगवहीच्या पानांचे फोटो दाखवले. पहिल्या दिवशी तिने जेल पुन्हा चालवून पाहिले होते. दुसऱ्या दिवशी पाणी बदलले, मग प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलले, मग वेगळ्या लॉटचे किट उघडले. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलून. नव्या किटने पट्टा आणखी फिकट झाला, पण गेला नाही. पीसीआरची ३५ आवर्तने केली की दिसायचा, ३० केली की नाहीसा व्हायचा, आणि ३० आवर्तनांत खोल थरांचे नमुनेही जवळजवळ नाहीसे व्हायचे. चौथ्या आठवड्यात तिच्या वाचनात सुझाना सॉल्टर आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा लेख आला. त्यांनी साल्मोनेला बोंगोरी या एकाच जिवाणूचा प्रयोगशाळेत वाढवलेला शुद्ध संवर्ध टप्प्याटप्प्याने विरल करत नेला होता. जसजसा मूळ डीएनए कमी झाला, तसतसे किट आणि रसायनांतून आलेले परके डीएनए निकालांवर कुरघोडी करू लागले. तिने हे मार्गदर्शकांना दाखवले आणि चारपैकी दोन खोल थर प्रबंधातून काढण्याचा प्रस्ताव स्वतःच मांडला. तो मान्य झाला.

मी हे ऐकत असताना ती खजील होऊन बोलत होती. पहिल्या वर्षीच्या स्टेटमेंटमध्ये तिने ‘दोन थरांतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास’ एवढेच लिहून हा सगळा महिना पुसून टाकला होता.

मसुदे

दुसरा मसुदा आठवड्याभरात आला आणि तो पहिल्याहून वाईट होता. आता त्याची रहस्यकथा झाली होती. अंधारी खोली, जांभळा उजेड, हृदयाची धडधड, आणि ‘त्या क्षणी माझ्या पायाखालची जमीन सरकली’. अपयशाची कहाणी लोकांना आवडते, असे तिला कोणीतरी सांगितले होते. वैद्यकीय नमुन्यांतल्या मार्गिकेने वेश बदलून पुन्हा प्रवेश केला होता, दुसरे काही नाही. अंधाऱ्या खोलीत तिला काय वाटले, याच्याशी समितीला कर्तव्य नव्हते. तिने कोणत्या क्रमाने काय बदलून पाहिले आणि का, हे हवे होते. मी ४०० शब्दांतले ३१० खोडले.

तिसऱ्या मसुद्यातला परिच्छेद, मूळ इंग्रजीवरून मराठीत आणलेला, असा आहे: ‘खोल थरांचे नमुने आणि मातीविरहित नियंत्रण नमुना यांत सारख्याच लांबीचा पट्टा दिसल्यावर मी पाणी, प्रायमर आणि किटचा लॉट क्रमाने बदलून पाहिले. पट्टा फिकट झाला, पण राहिला. आवर्तने कमी केल्यास तो आणि खोल थरांचा संकेत दोन्ही मावळत होते. त्यामुळे दोघांना वेगळे करण्याचे साधन माझ्याकडे नव्हते आणि ते दोन थर मी प्रबंधातून वगळले. कमी जैवभाराच्या मातीत खरा संकेत कसा ओळखावा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे, आणि पीएचडीत मला त्यावरच काम करायचे आहे.’

यात एकही विशेषण स्वतःच्या गुणांसाठी खर्चलेले नाही, आणि तरी ही मुलगी प्रयोगशाळेत कशी वागेल ते कळते. शेवटच्या वाक्यामुळे पुढला भाग आपोआप सोपा झाला: प्रश्न ठरला, तसे कोणाकडे जायचे तेही ठरू लागले. आठांची यादी पाचांवर आली ती इथे. प्रत्येक विभागातल्या दोन-दोन प्राध्यापकांचे अलीकडचे लेख तिने वाचले आणि त्यांच्या कोणत्या पद्धतीचा आपल्या प्रश्नाशी कसा संबंध आहे, हे दोन-तीन वाक्यांत लिहिले. पाचांपैकी दोन कार्यक्रमांत विद्यार्थी पहिल्या वर्षी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत फिरून मग मार्गदर्शक निवडतात. उरलेल्या तिघांत एका विशिष्ट प्राध्यापकाने होकार दिल्याशिवाय प्रवेशच होत नाही. दुसऱ्या प्रकारात तिने आधी ईमेल करून जागा आहे का विचारले, आणि स्टेटमेंटमधला तो परिच्छेद जास्त नेमका केला. ‘जगप्रसिद्ध’ हा शब्द पाचही अर्जांतून गेला.

वडिलांच्या आजारपणाबद्दल आमचा खरा मतभेद झाला. एमएस्सीच्या तिसऱ्या सत्रात तिचे गुण घसरले होते आणि त्याचे कारण आजारपणच होते. माझे मत होते की स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये त्याचा उल्लेखही नको. गाइडनी शिफारसपत्रात एक वाक्य लिहिले की पुरे. ती म्हणाली, गुणपत्रकावरचा खड्डा माझा आहे, तो मीच समजावून सांगेन. अखेर दोन कोरडी वाक्ये राहिली: कोणत्या सत्रात, कशामुळे, आणि पुढल्या सत्रात गुण कुठवर आले. आज मला वाटते की तिचेच बरोबर होते. जिथे वेगळे पर्सनल स्टेटमेंट मागितले होते तिथे मात्र आजारपणाला पुरेशी जागा मिळाली, पण बाकावर बसून घेतलेल्या निश्चयासाठी नव्हे: रुग्णालयाच्या वेळा सांभाळण्यासाठी तिने नमुन्यांचे काम रात्रीच्या पाळीत नेले, आणि आपल्या गैरहजेरीत कोणालाही करता यावे म्हणून प्रत्येक कृती लिहून ठेवायला सुरुवात केली. पट्टा आला तेव्हा काय काय बदलले होते हे तिला सांगता आले, ते याच वहीमुळे.

वाचकांविषयी थोडे. पहिल्या वर्षी तिने मसुदा नऊ जणांना दाखवला होता आणि नऊही जणांच्या सूचना मान्य केल्या होत्या. या वेळी तीनच वाचक ठेवले: विषयातला एक, विषयाबाहेरचा एक, आणि निव्वळ भाषा तपासणारा एक. मधेच तिने मसुदा एका एआय साधनातून काढून आणला. ‘पट्टा फिकट झाला, पण राहिला’ या वाक्याच्या जागी ‘अनपेक्षित आव्हानांना चिकाटीने तोंड दिले’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आले होते. स्पेलिंगच्या दोन चुका त्या साधनाने बरोबर पकडल्या होत्या. तेवढ्या घेतल्या आणि बाकीचे टाकून दिले. अशा साधनांच्या वापराबद्दल अनेक विद्यापीठांनी आता स्वतःचे नियम केले आहेत, तेही पाचही ठिकाणचे वाचून घेतले.

अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेले. अंतिम स्टेटमेंट ८६० शब्दांचे होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक शब्द केलेल्या कामाविषयी होते.

नंतर

पाचांपैकी तीन नकार फेब्रुवारीअखेर आले. दोन मुलाखतींपैकी एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत नाव लागले, दुसरीकडून मार्चमध्ये शिष्यवृत्तीसह प्रवेशाचे पत्र आले. अमेरिकेतील बहुसंख्य पदव्युत्तर संस्थांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अशा आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा असते. तिने ती पूर्ण वापरली, प्रतीक्षा यादी हलली नाही, आणि मिळालेली जागा तिने घेतली.

त्या मुलाखतीविषयी तिने फोनवर सांगितले. अर्ध्या तासाची मुलाखत होती. प्राध्यापकांनी स्टेटमेंट समोर ठेवले होते आणि पहिलाच प्रश्न विचारला की प्रत्येक बॅचमागे कोऱ्या नळ्या किती ठेवायचीस. ती म्हणाली, एक. त्यांनी विचारले, एकच का, तीन का नाहीत? एका नळीवरून तो पट्टा किटमधून आला की हाताळणीतून, हे कसे सांगशील? तिच्याकडे उत्तर नव्हते आणि तिने तसे सांगितले. मग दोघांनी मिळून त्या प्रयोगाची नव्याने मांडणी करायला घेतली: तीन नळ्या, त्यांतली एक प्रयोगशाळेबाहेर उघडलेली, किटचे दोन लॉट आलटून पालटून. वेळ संपला तेव्हा वडिलांचे आजारपण, शिबिरे किंवा घसरलेले गुण यांपैकी कशाचाही विषय निघालेला नव्हता, आणि आपल्याला विद्यापीठाबद्दल काय विचारायचे होते ते विचारायचे राहूनच गेले, याची तिला हळहळ वाटत होती.